उणे अठरामध्ये अरोराचा फोटो: आप्पांसाठी लिहिलेला कागद

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ट्रोम्सोतला हा माझा सातवा हिवाळा. पहिल्या हिवाळ्यात एका रात्रीत मी अरोराचे, म्हणजे इथल्या रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचे, २१२ फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर मोठे करून बघितले, तर एकही शार्प नव्हता. तारे भिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले. त्या रात्रीसारखं आकाश मला पुन्हा दिसलेलं नाही आणि त्याचं वाईट अजून वाटतं.

गेल्या फेब्रुवारीत आप्पा कराडहून आले. त्यांनी ३४ वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइझ, सगळं केलं. कॅमेरा त्यांना मी शिकवायचा नव्हताच. थंडी तेवढी शिकवायची होती. त्यांच्यासाठी एका कागदावर जे लिहून काढलं, तेच थोडं वाढवून इथे देते.

आधी रात्र निवडा. ट्रोम्सो जवळजवळ ७० अंश उत्तरेला आहे. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती अरोराचं जे कडं असतं, ते नेमकं आमच्या डोक्यावरून जातं. त्यामुळे सगळे ज्या केपी आकड्यामागे (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ ० ते ९ मध्ये सांगणारा आकडा) धावतात, तो इथे २ असला तरी भागतं. खरा वैरी म्हणजे ढग. समुद्रावरून ओला वारा आला की किनाऱ्यावर बर्फ पडत राहतो, आणि मग डोंगरांच्या आड, आतल्या बाजूला जावं लागतं. आम्ही ई ८ रस्त्याने शिबोटनच्या खोऱ्याकडे जातो, आणि तिथेही ढग असले तर तसंच पुढे फिनलंडच्या हद्दीतल्या किल्पिसयार्वीला. तिथलं आकाश कोरडं असतं, पण थंडी त्याची किंमत वसूल करते. आप्पांच्या पहिल्या तीन रात्री ढगात गेल्या. चौथ्या रात्री शहरात उणे चार होतं आणि शिबोटनच्या वर उणे अठरा. हंगाम सप्टेंबर ते मार्च, वेळ साधारण संध्याकाळी सहा ते रात्री एक.

निघण्यापूर्वी घरात, उबेत एक काम करा. खोलीतले दिवे बंद करा, हातमोजे घाला आणि कॅमेऱ्याची सगळी बटणं चाचपून वापरून बघा. शटर कुठे बदलतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) कुठे, स्क्रीनवरचं चित्र मोठं कसं होतं. अंधारात आणि बधिर बोटांनी मेनू शोधता येत नाही. बदलायचं ते इथेच बदलून ठेवा: मोड मॅन्युअल, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, कच्ची), व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४००० केल्विनच्या दरम्यान कायम, लेन्स जितकी वाइड असेल तितकी, अपर्चर पूर्ण उघडं (एफ २.८ किंवा त्याहून लहान आकडा असेल तर उत्तम). स्टेबिलायझर बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद, कारण तो प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकवून ठेवतो. शटरला दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का फोटोत उतरणार नाही. स्क्रीनचा उजेड अगदी कमी करा. मिट्ट काळोखात काळा फोटोसुद्धा उजळ दिसतो, तेव्हा डोळ्यांवर नाही, हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेडाचा स्क्रीनवरचा आलेख) विश्वास ठेवा.

आणि लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. यावरून आमचा थोडा वाद झाला.

“अगं, पुढच्या काचेला ओरखडा आला तर?”

“आप्पा, काढाच. फोटोच्या मधोमध गोल गोल वर्तुळं येतात.”

अरोराचा हिरवा रंग सुमारे शंभर किलोमीटर आणि त्याहून उंचावरच्या ऑक्सिजनचा. हा प्रकाश जवळपास एकाच तरंगलांबीचा असतो, ५५७.७ नॅनोमीटर. असा एकरंगी प्रकाश सपाट काचांमध्ये पुढे-मागे परावर्तित झाला की एकमेकांत मिसळून कडी तयार होतात आणि ती फोटोवर उमटतात. नंतर ती धड पुसताही येत नाहीत. आप्पांनी फिल्टर काढला, रुमालात गुंडाळला आणि आतल्या खिशात ठेवला.

आता फोकस. माझे २१२ फोटो इथेच गेले, म्हणून हे नीट सांगते. ऑटोफोकस अंधारात चाचपडतो, तो बंद करा. लेन्सवरच्या ‘अनंत’ खुणेवरही विसंबू नका. ती बऱ्याच लेन्सवर नेमकी नसते आणि काही लेन्सची रिंग त्या खुणेच्या पुढेही फिरते. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर थेट दिसणारं चित्र) चालू करा आणि एखादा ठळक तारा पकडा. फेब्रुवारीत आमच्याकडे ब्रह्महृदय चांगला उंचावर असतो, तोच आम्ही धरला. स्क्रीनवर तो दहापट मोठा करा आणि रिंग अगदी सावकाश फिरवा. तारा लहान होत जाईल, मग परत मोठा व्हायला लागेल. जिथे सर्वांत लहान होता तिथे मागे या. आप्पांनी एक हातमोजा काढला, दोन बोटांत रिंग धरली आणि स्टुडिओत एन्लार्जरवर (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र) केस न् केस शार्प करायचे तसे श्वास रोखून पुढे-मागे, पुढे-मागे केलं. शेवटी म्हणाले, “पॉइंट आला.” मग रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा. ही पट्टी घरूनच कापून स्टँडच्या पायाला चिकटवून न्यावी, कारण थंडीत रोलचं टोक सापडत नाही. (ट्रायपॉडला आप्पा आयुष्यभर स्टँडच म्हणत आले, मलाही तोच शब्द बसलाय.) बाहेर अर्धा तास झाल्यावर फोकस पुन्हा तपासा. लेन्स गार होऊन आकसते आणि पॉइंट सरकतो.

स्टँड भुसभुशीत बर्फावर नुसता ठेवू नका. पाय दाबत दाबत खालच्या घट्ट थरापर्यंत न्या, नाहीतर दहा सेकंदांच्या फोटोत तो हळूच खचतो. मधला दांडा वर काढू नका. धातूचे पाय उघड्या हाताने धरू नका.

सुरुवातीला अरोरा हिरवा दिसेलच असं नाही. डोळ्यांना तो बऱ्याचदा फिकट ढगाच्या पट्ट्यासारखा दिसतो. आप्पा म्हणाले, “हा तर ढग.” शंका आली की एक फोटो काढायचा, हिरवा आला तर अरोरा. पट्टा शांत असेल तर आयएसओ १६०० आणि ८ ते १५ सेकंद. तो हलायला लागला, पडद्यासारख्या चुण्या पडायला लागल्या, की वेळ कमी करायलाच हवा: १ ते ४ सेकंद आणि आयएसओ ३२००. बहुतेक जण इथे चुकतात. आकाश उजळलं तरी दहा सेकंदच ठेवतात, मग सगळ्या चुण्या मिसळून नुसता हिरवा लेप उरतो. खालच्या काठाला गुलाबी झाक दिसली की तो नायट्रोजन, आणि मग तर लगेच वेळ उतरवा. जोराच्या रात्री पट्टा उत्तरेकडून डोक्यावर येतो आणि पुढे दक्षिणेकडे सरकतो, तेव्हा अधूनमधून मागे वळून बघत राहा.

लाल रंग आणखी वर, दोनशे किलोमीटरच्या पलीकडे असतो. म्हणूनच मे २०२४ च्या मोठ्या सौर वादळात लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांना क्षितिजावर लाली टिपता आली. इतक्या दुरून वरचाच थर दिसतो.

फोटोत जमिनीचं काहीतरी घ्या: डोंगर, फियॉर्डचं (डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीचं) पाणी, एखादं झाड. अर्धा चंद्र असेल तर घाबरू नका, चांदण्यात बर्फाचे डोंगर उजळतात आणि फोटोला पाया मिळतो. मोबाइल असेल तर तोही स्टँडवर लावा आणि नाइट मोडमध्ये जास्तीत जास्त सेकंद द्या. हातात धरून होत नाही. गाडी रस्त्याकडेला नाही, थांब्यावरच लावा आणि अंगात चमकणारं जॅकेट असू द्या.

तारे शार्प हवेत, हा नुसता हट्ट नाही. अरोराचा पहिला फोटो १८९२ साली जर्मनीच्या मार्टिन ब्रेंडेलने इथून पूर्वेकडच्या बोसेकोप या गावी काढला. १९१० साली कार्ल स्टॉर्मर या नॉर्वेच्या गणितज्ञाने तिथेच दोन ठिकाणांहून एकाच क्षणी फोटो घ्यायचं तंत्र बसवलं. दोन्ही ठिकाणं टेलिफोनने जोडलेली. मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत अरोरा किती सरकलेला दिसतो, त्यावरून त्यांनी त्याची उंची मोजली. हे गाडीत सांगितलं, तर आप्पांनी विचारलं, “काचेच्या प्लेटा ना? या थंडीत?” आणि बराच वेळ गप्प राहिले.

कपड्यांचं थोडक्यात: अंगालगत लोकर, सुती अजिबात नाही. पातळ हातमोज्यांवर जाड. बूट एक नंबर मोठे. उभं राहायला फोमचा तुकडा, कारण थंडी पायातून चढते. आप्पांनी घरची कानटोपी आणली होती, तिच्यावर लोकरीची दुसरी टोपी घातली.

बॅटऱ्या निदान तीन न्या आणि शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. थंडीत संपलेली बॅटरी खिशात गरम झाली की पुन्हा थोडी चालते, फेकून देऊ नका. लेन्सजवळ श्वास सोडू नका. काचेवर साय धरल्यासारखा बर्फ बसतो आणि फुंकर मारून पुसायला गेलं की वाढतोच. हँड वॉर्मरची पुडी रबर बँडने लेन्सभोवती बांधली की काच साफ राहते. फक्त बांधताना फोकसची रिंग हलवू नका.

परतताना गाडीत बसण्याआधी, बाहेरच कार्ड काढून खिशात ठेवा. मग कॅमेरा झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि पिशवी बंद करा. असं केलं की गाडीतली दमट हवा गार काचेला लागत नाही, पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं. घरी पोचल्यावरही पिशवी निदान दोन तास उघडू नका. आम्ही सकाळपर्यंत तशीच ठेवतो.

त्या रात्री अडीच वाजता घरी आलो. आप्पांनी कानटोपीही न काढता कार्ड लॅपटॉपला लावलं, पहिलाच फोटो पूर्ण मोठा केला आणि अरोरा सोडून आधी कोपऱ्यातला एक बारीक तारा शोधला. टाचणीच्या टोकाएवढा होता.