रोह्यांपासून परसबाग वाचवायची कशी

चैत्रात सातपुड्याचा पायथा वाळला की रोही, म्हणजे नीलगायी, पाण्याच्या न कोवळ्या पाल्याच्या मागं थेट परसात घुसतात, आमच्या यावलकडं तर गवारीचे शेंडे एका रात्रीत साफ, सकाळी नुसते बुडखे. जुन्या साड्या बांधा, पण आठ दिवसांत त्यांना सवय होते, मग साडीखालूनच मान घालून चरतात बघा. खरा उपाय जाळीच, सात फूट तरी हवी कारण पाच फुटांवरून ते आरामात उडी मारतात, खाली फट पण नको. तारेत घरचा करंट सोडू नका, गुन्हाय तो, माणसंही मरतात. सोबत चार-पाच अंडी बादलीभर पाण्यात हप्ताभर सडवायची, गाळून कुंपणाच्या कडेनं फवारायची, भाजीवर नाही हं! वळवाचा पाऊस पडला की परत मारा.