विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही? या चुका टाळा

पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, अटी मान्य केल्या, आणि विंडोज कुठे टाकायचं ते विचारणाऱ्या पानावर यादी कोरी. नव्या लॅपटॉपवर असं झालं की पहिला संशय जातो एसएसडीवर, म्हणजे लॅपटॉपच्या डिस्कवर. बहुतेक वेळा तिचा काही दोष नसतो.

इंटेलच्या 11व्या पिढीपासून, म्हणजे 2020 च्या टायगर लेकपासून, बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची, डिस्क सांभाळणारी सोय कंपनीकडूनच चालू करून येते. ती चालू असली की एनव्हीएमई प्रकारची एसएसडी सेटअपला थेट दिसत नाही, व्हीएमडी कंट्रोलरच्या आड जाते. साध्या एनव्हीएमईचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, विंडोजच्या सेटअपमध्ये आधीपासून असतो. या कंट्रोलरचा मात्र बहुधा नसतो. तो आपण द्यायचा. त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या सेटिंगमध्ये, डोकावून घ्या. तिथे एसएसडीचं नाव दिसत असेल तर प्रश्न ड्रायव्हरचा आहे. तिथेही नसेल तर आधी ती खाचेत नीट बसली आहे का ते बघा, ड्रायव्हरच्या मागे लागू नका.

एक्सई फाइल तशीच कॉपी करणं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. या कंट्रोलरचा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर उतरवतात, त्याची एक्सई (इन्स्टॉलर) फाइल पेनड्राइव्हवर टाकतात, सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबतात आणि उत्तर येतं की ड्रायव्हर सापडला नाही. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं आणि पाऊण तास पेनड्राइव्हलाच शिव्या घातल्या होत्या. सेटअपला एक्सई चालत नाही. त्याला आयएनएफ फाइल आणि तिच्या सोबतच्या सिस व कॅट फाइल्स सुट्या लागतात. त्यासाठी दुसऱ्या चालू संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा. 'सेटअपआरएसटी' या फाइलच्या नावानंतर जागा सोडून एक आडवी रेघ (हायफन), तिला जोडून 'एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स' हा सलग शब्द आणि मग ज्या फोल्डरमध्ये फाइल्स हव्यात त्याचा पत्ता लिहा. फाइल्स सुट्या झाल्या की तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. एकटी आयएनएफ नेलीत तर पुन्हा तेच.

या ड्रायव्हरला अजून 'एफ6 ड्रायव्हर' म्हणतात. एक्सपीच्या काळात सेटअप सुरू होताना एफ6 दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, त्याची ही आठवण. फ्लॉपी गेली, नाव राहिलं.

सगळ्यात नवं तेच चांगलं असं धरून चालणं

आरएसटीच्या बाबतीत हे खरं नाही. नव्या आवृत्त्या जुन्या पिढ्यांचा आधार काढून टाकतात, त्यामुळे 11व्या पिढीच्या लॅपटॉपला अगदी ताजा ड्रायव्हर दिलात तर तो आपला कंट्रोलर ओळखणारच नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावर आपल्याच मॉडेलखाली जो ड्रायव्हर ठेवला आहे तो घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं, मग तो दोन वर्षं जुना का असेना.

यादीतली कुठलीही ओळ निवडणं

'लोड ड्रायव्हर' नंतर येणाऱ्या पानावर, न जुळणारे ड्रायव्हर लपवण्याच्या चौकटीत टिक असते. ती राहू द्या. टिक काढली की डझनभर नावं समोर येतात आणि माणूस अंदाजाने एक उचलतो. टिक ठेवूनही कधी दोन ओळी उरतात: एक 'आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर', दुसरी 'व्हीएमडी मॅनेज्ड कंट्रोलर'. पहिली घ्यायची. तिच्यापुढचा क्रमांक पिढीप्रमाणे बदलतो: टायगर लेकला 9ए0बी, 12व्या पिढीच्या आल्डर लेकला 467एफ. टिक असताना यादी रिकामी असेल तर ड्रायव्हर बहुधा चुकीच्या पिढीचा आहे.

एएमडीच्या संगणकावर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची सोय) चालू असेल तर प्रकरण वेगळं. तिथे एकामागून एक तीन ड्रायव्हर द्यावे लागतात: आधी आरसीबॉटम, मग आरसीरेड, शेवटी आरसीसीएफजी. पहिल्यावर थांबलात तर डिस्क दिसणार नाही.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून मोकळं होणं

कोऱ्या संगणकावर एकच एसएसडी असेल आणि रेड नको असेल तर हा सोपा मार्ग आहे. ड्रायव्हरची भानगडच नको. पण त्या डिस्कवर आधीचं चालू विंडोज असेल आणि ते ठेवायचं असेल तर थांबा. सेटिंग बदलताच ते विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत निळ्या पडद्यावर अडकू शकतं, आणि डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती की हाताशी नसताना बायोसला हात लावू नका. लावून बसला असाल तर सेटिंग पूर्ववत करा, विंडोज बहुधा पुन्हा उठतं.

दिसेल त्या डिस्कवर नेक्स्ट दाबणं

यादी अगदी कोरीच असेल असं नाही. कधी त्यात एकच डिस्क दिसते, साधारण 14 जीबीची. ती तुमची एसएसडी नव्हे, सेटअपचाच 16 जीबीचा पेनड्राइव्ह आहे. त्याचे पार्टिशन उडवलेत तर सगळं पहिल्यापासून. आकार वाचल्याशिवाय 'डिलीट'ला हात नको.

'मीडिया ड्रायव्हर' नाही असा निरोप सुरुवातीलाच आला तर गोष्ट निराळी. अनेकदा विंडोजची आयएसओ फाइल अर्धवट उतरलेली असते किंवा पेनड्राइव्ह नीट बनलेला नसतो. आधी दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावून बघा, नाही जमलं तर पेनड्राइव्ह नव्याने बनवा.

आणि पेनड्राइव्हवर जागा आहेच तर वायफायचा ड्रायव्हरही टाकून ठेवा. डिस्क सापडून विंडोज बसलं की विंडोज 11 लगेच इंटरनेट मागतं, आणि नव्या लॅपटॉपच्या वायफायचा ड्रायव्हर त्यात असेलच असं नाही.