शेजारची तीन राज्ये: बेळगाव सीमाभागातील परीक्षार्थींसाठी भूगोलाच्या तयारीची यादी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी येथून स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा ही तिन्ही राज्ये सारखीच माहीत असावी लागतात. मात्र पुण्याहून येणारी मार्गदर्शके महाराष्ट्रापाशी थांबतात, शाळेतील पुस्तक मुख्यतः कर्नाटक शिकवते आणि गोवा दोन्हीकडून सुटतो. म्हणून पहिली तयारी साहित्याची करावी. तिन्ही राज्यांची सीमा एकत्र दाखवणारा प्राकृतिक नकाशा, तेवढ्याच भागाचे चार-पाच कोरे नकाशे आणि एक जाड वही एवढे जवळ असावे. वहीत प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या वर्षाचा आहे हे लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

राजधान्या आणि जिल्ह्यांची संख्या पाठ करून सुरुवात करू नये, असे माझे ठाम मत आहे. सुरुवात पाण्यापासून करावी, कारण या भागात राज्यांच्या सीमा नद्यांनी ओलांडल्या आहेत आणि नदी समजली की तीन राज्ये एका सूत्रात लक्षात राहतात. खानापूर तालुक्यातील कणकुंबीचा परिसर नकाशावर शोधावा. येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत सौंदत्ती तालुक्यातील नविलुतीर्थ धरणात येते, पुढे कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच तालुक्यातील भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला सह्याद्री उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यात पडणारा पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो, आणि ही जलविभाजक रेषा नकाशावर स्वतःच्या हाताने ओढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ही रेषा समजली की म्हादईचा वादही समजतो. कळसा आणि भांडुरा या म्हादई खोऱ्यातील नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवून ते हुबळी-धारवाडच्या पिण्याच्या गरजेसाठी वापरावे, ही कर्नाटकाची योजना आहे; आपल्या नदीचा प्रवाह त्यामुळे घटेल, हा गोव्याचा आक्षेप आहे. 2010 साली नेमलेल्या लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42, महाराष्ट्राला 1.33 आणि गोव्याला 24 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. हे तीन आकडे आणि त्यांमागील भूगोल एकाच पानावर लिहावा. नुसते आकडे आठवडाभरात विसरतात, कारणासह लिहिलेले टिकतात.

यानंतर कृष्णा घ्यावी. महाबळेश्वरला उगम पावून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून येणाऱ्या कृष्णेला नृसिंहवाडी येथे पंचगंगा मिळते, बेळगाव जिल्ह्यात वेदगंगेचे पाणी घेऊन आलेली दूधगंगा मिळते, आणि मग विजयपुरा जिल्ह्यातील अलमट्टी धरणानंतर ती तेलंगण व आंध्र प्रदेशाकडे जाते. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करून घटप्रभेला मिळते, हेही नोंदवावे. घटप्रभेवरच हिडकल धरण आणि सुमारे 52 मीटर उंचीचा गोकाक धबधबा आहे. परीक्षेत तो मलप्रभेवर दाखवणारा पर्याय दिला जाऊ शकतो, म्हणून दोन्ही नद्या वेगवेगळ्या रंगांनी काढाव्यात. 2019 च्या महापुराची झळ बसलेल्या कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांतील घरांना अलमट्टीच्या पाणीसाठ्याची समुद्रसपाटीपासूनची पातळी हा विषय नव्याने सांगावा लागत नाही. विद्यार्थ्याने त्यात एवढी भर घालावी की कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या ब्रिजेशकुमार लवादाने ती 519.60 वरून 524.256 मीटरपर्यंत वाढवण्यास अनुमती दिली आहे.

पाऊस आणि पिके यांचा संबंध जिल्ह्यातल्या जिल्ह्यात पाहता येतो. पश्चिमेला खानापूरचे घनदाट जंगल आणि भात, मध्ये निपाणीचा तंबाखू, कृष्णाकाठचा ऊस, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या अथणीच्या कोरडवाहू भागातील ज्वारी, अशी पश्चिमेकडून पूर्वेकडे एक ओळ तयार करावी. महाराष्ट्रातील कोकण, घाटमाथा आणि माणदेश यांचा क्रमही याच कारणाने तसा आहे.

घाट तीनच पुरेसे आहेत: गोव्याकडे जाणारे चोर्ला आणि अनमोड, आणि सावंतवाडीकडे उतरणारा आंबोली. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे कुळेला उतरणारा लोहमार्गही याच नकाशावर काढावा. कॅसलरॉक स्थानक उत्तर कन्नड जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात आहे आणि दूधसागर धबधबा गोव्यात आहे.

आता आकडे. क्षेत्रफळ महाराष्ट्राचे 3,07,713, कर्नाटकाचे 1,91,791 आणि गोव्याचे 3,702 चौरस किलोमीटर आहे. बेळगाव हा क्षेत्रफळाने कर्नाटकातील सर्वांत मोठा जिल्हा असून एकटाच गोव्याच्या साडेतीनपटीहून मोठा आहे, हे लक्षात ठेवल्यास गोव्याचा आकार मनात पक्का बसतो. लोकसभेच्या जागा अनुक्रमे 48, 28 आणि 2; विधानसभेच्या 288, 224 आणि 40. विधान परिषद महाराष्ट्रात व कर्नाटकात आहे, गोव्यात नाही. गोव्यासाठी स्वतंत्र उच्च न्यायालय नसून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. सर्वोच्च शिखर महाराष्ट्राचे कळसूबाई, कर्नाटकाचे मुळ्ळय्यनगिरी, तर गोव्याचे सोसोगड. कर्नाटकाच्या उरलेल्या शेजाऱ्यांपैकी केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि 2 जून 2014 रोजी स्थापन झालेले तेलंगण यांची दिशा आणि राजधानी एवढे माहीत असले तरी पहिल्या फेरीला चालेल.

स्थापनेच्या तारखांसाठी मात्र सविस्तर पान हवे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला; चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. महाराष्ट्र 1 मे 1960 रोजी झाला. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला आणि 30 मे 1987 रोजी घटक राज्य बनला. म्हैसूरचे नाव 1 नोव्हेंबर 1973 रोजी कर्नाटक झाले, आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी महाजन आयोग 1966 साली नेमला गेला, त्याचा अहवाल 1967 साली आला, महाराष्ट्राने तो अमान्य केला आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सीमाभागातील मराठी घरात वाढलेल्या मुलाला या परिच्छेदाबद्दल काहीच वाटू नये, अशी अपेक्षा मी करणार नाही; ते वाटणे खरे आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. तरीही उत्तरपत्रिकेत वर्ष, आयोगाचे नाव आणि दोन्ही राज्यांची भूमिका एवढेच स्वच्छ शब्दांत लिहावे. परीक्षक कोणत्याही राज्याचा असला तरी असे उत्तर त्याला खोडता येत नाही.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात बदलू शकणाऱ्या गोष्टीच तपासाव्यात. त्यांत जिल्ह्यांची संख्या, राज्यपाल व मुख्यमंत्र्यांची नावे आणि लवादांबाबतचे ताजे न्यायालयीन आदेश येतात. लोकसंख्येचे आकडे लिहिताना 2011 ची जनगणना असा उल्लेख करावा. त्यानंतर कोरा नकाशा घेऊन वही मिटून ठेवावी आणि म्हादई, मलप्रभा, घटप्रभा, हिरण्यकेशी, दूधगंगा व कृष्णा उगमापासून काढाव्यात. जी नदी चुकेल तिचेच पान त्या दिवशी पुन्हा वाचावे.