युरोपला द्राक्ष द्यायचीत? मग छाटणीआधीच एवढं करून ठेवा

गोड्या छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची गडबड सुरू झाली की कागदांकडे बघायला कोणाला वेळ नसतो, म्हणून हे आत्ताच लिहितोय. ज्यांना यंदा युरोपला माल द्यायचाय त्यांच्यासाठीच आहे, लोकलवाल्यांनी पुढे गेलं तरी चालेल.

पहिलं काम प्लॉटची नोंदणी. अपेडा म्हणजे शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था, तिचं ग्रेपनेट हे ऑनलाइन नोंदणीचं पोर्टल २००६ पासून चालू आहे, आता ते हॉर्टीनेट या मोठ्या पोर्टलमध्येच येतं, आणि तिथे तुमचा प्लॉट दिसत नसेल तर पुढे काहीच हलत नाही, ना रेसिड्यू टेस्टिंग (औषधाच्या अंशांची तपासणी), ना ॲगमार्क (प्रतीचा दाखला), ना फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला). जुनी नोंदणी असली तरी दरवर्षी रिन्यू करावी लागते हे दरवर्षी कोणीतरी विसरतंच. सातबारा, बागेचा नकाशा आणि चालू असलेला मोबाईल नंबर घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा. चालू असलेला म्हणजे खरंच चालू, बऱ्याच ठिकाणी आजही वडिलांचा जुना नंबर टाकलेला असतो जो कोणी उचलत नाही. एकाच गटात दोन व्हरायटी असतील किंवा छाटणी पंधरा-वीस दिवस मागेपुढे असेल तर प्लॉट वेगळे पाडून घ्या, नाहीतर एका कोपऱ्यातल्या फवारणीपायी सगळी बाग अडकते.

हे सगळं कशासाठी, तर २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षात मिथोमिल आणि ॲसिफेट ही कीटकनाशकं सापडली, त्यानंतर ही ट्रेसिबिलिटी, म्हणजे पेटीवरून बागेपर्यंत माग काढायची सोय, उभी राहिली. पण २०१० आठवतंय ना, सिस्टीम चालू होती, रिपोर्ट पास होते, तरी कंटेनर अडकले, कारण वेलीची वाढ रोखणारं सीसीसी म्हणजे आपलं लिहोसिन हे तपासायच्या यादीतच नव्हतं. लॅबचं मशीन जे शोधायला सांगितलंय तेच शोधतं. म्हणून यादीबाहेरचं काही मारलं असेल तर नमुन्याआधीच एक्स्पोर्टरला सांगा, पास रिपोर्ट हातात आला म्हणजे सुटलो असं नसतं.

आता स्प्रे डायरी, आणि इथे जरा थांबतो कारण सगळा खेळ इथेच आहे. वही ठेवा नाहीतर ॲप वापरा, मला फरक पडत नाही, फक्त ज्या दिवशी मारलं त्याच दिवशी लिहा. ब्रँडचं नाव पुरत नाही, आतला घटक लिहा, बॅच नंबर, डोस, किती पाणी, कोणी मारलं, आणि बिलाचा व बाटलीच्या लेबलचा फोटो. पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचं ॲनेक्शर ५, म्हणजे चालणाऱ्या औषधांची यादी, त्या वर्षीचंच डाउनलोड करा, मागच्या वर्षीची पीडीएफ ग्रुपवर फिरत असते ती उडवा. उदाहरण सांगतो, क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची युरोपातली एमआरएल (मालात चालणाऱ्या अंशाची कमाल मर्यादा) नोव्हेंबर २०२० पासून थेट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलोवर आली, म्हणजे १ लाख टन द्राक्षात १ किलो औषध, एवढंसं तर शेजारच्या बागेतून उडून येऊ शकतं किंवा नीट न धुतलेल्या टाकीतूनसुद्धा. आणि "जैविक आहे, काही होत नाही" म्हणून दुकानदाराने हातात दिलेली बाटली, तिच्यात काय मिसळलंय हे लेबलवर नसतं, रिपोर्टवर मात्र येतं! शंका असेल तर मारूच नका. ब्रिटनला माल जाणार असेल तर त्यांची यादी वेगळी बघा, २०२१ पासून त्यांच्या एमआरएल वेगळ्या चालतात. जर्मनीतल्या काही सुपरमार्केट तर कायद्याच्या एमआरएलच्या एक तृतीयांशच मागतात, ते तोंडी नको, एक्स्पोर्टरकडून लिहून घ्या.

नमुना लॅबचा माणूस येऊन घेतो, आपण पिशवी भरून पाठवायची नाही. तो येईल तेव्हा बागेत स्वतः हजर राहा, बरोबर प्लॉटमध्येच शिरलाय ना बघा, डायरी दाखवा. नमुना गेल्यानंतर फवारणी बंद म्हणजे बंद, मिलीबग (पिठ्या ढेकूण) दिसला तरी आधी एक्स्पोर्टरला फोन करा.

पॅकिंगच्या दिवशी क्रेटवर प्लॉट नंबर लागलाय ना एवढंच बघायचं, पण ते बघायचंच. प्लॉटमधून किती माल अपेक्षित हे सिस्टीममध्ये टाकलेलं असतं, त्यामुळे भावाच्या बागेतले चार क्रेट आपल्या नावावर घुसवायचं डोक्यात आणू नका, पेटी युरोपात पकडली गेली की माग थेट तुमच्या प्लॉटपर्यंत येतो.

कंटेनरचं काम एक्स्पोर्टरचं, तरी विचारा. डेटा लॉगर (तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र) किती आणि कुठे ठेवलेत? एक तरी दाराजवळच्या पॅलेटमध्ये हवा, तिथेच माल आधी गरम होतो. सेटिंग शून्याच्या जरा खालीच असतं, पण प्री-कूलिंग अर्धवट करून भरलेला माल रीफर म्हणजे थंड कंटेनर गार करत नाही, तो फक्त गार माल गार ठेवतो. लॉगरचा नंबर पॅकिंग लिस्टवर लिहा आणि घड्याळ कुठल्या वेळेवर आहे ते विचारून घ्या, बरेच लॉगर यूटीसी म्हणजे जागतिक वेळ दाखवतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि क्लेमच्या (भरपाईच्या दाव्याच्या) वेळी माल न्हावाशेवा बंदरात बिघडला की जहाजावर यावरच भांडण होतं. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, प्रवास बराच लांबला, म्हणून यंदा माल कुठल्या मार्गाने जाणार ते विचारूनच तोडणीचा दिवस आणि सल्फर पॅड (पेटीत कूज रोखायला ठेवतात तो) ठरवा.

कोणी ब्लॉकचेनचं, म्हणजे एकदा टाकलेली नोंद बदलता न येणारं रेकॉर्ड, विकायला आलं तर चहा पाजा आणि एकच विचारा, चुकीची नोंद टाकली तर काय होतं? ती कायमची चुकीची राहते, बाकी काही नाही.

माल गेल्यावर युरोपची रासफ म्हणजे अलर्ट सिस्टीम अधूनमधून उघडून बघा, सगळ्यांना खुली आहे, देश आणि फळ टाकलं की कुठल्या औषधापायी कोणाचा माल अडकला ते दिसतं, पुढच्या वर्षीच्या फवारणीला हे फार कामाचं आहे. रिपोर्ट, बिलं, लॉगरची पीडीएफ आणि भरणीचे फोटो फक्त व्हॉट्सॲपवर ठेवू नका, फोन बदलला की गेलं सगळं. मेलवर टाका आणि एक प्रिंट घरच्या फाईलमध्ये लावा, खरेदीदाराचा क्लेम कधीकधी मेमध्येसुद्धा येतो.