रिपोर्टात एच. पायलोरी निघाला? मग वाणांची भानगड समजून घ्या, पण कोर्स पूर्ण कराच

दिवाळीनंतर बाबांच्या पोटात दुर्बीण टाकली, रिपोर्टात ड्युओडेनल अल्सर (लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम) अन् खाली एक ओळ, एच. पायलोरी पॉझिटिव्ह. दुपारच्या एसटीनं परत येताना बाबांचं एकच चालू, "अबे, शेजारच्या काकाले बी हाच किडा निघाला होता ना, तो तं ठेचा-भाकर खाते मस्त, मंग मलेच काऊन?"

प्रश्न बरोबर आहे. हा जंतू जगातल्या जवळपास अर्ध्या लोकांच्या पोटात राहतो अन् बहुतेकांना जन्मभर कळतही नाही, अल्सर होतो तो शंभरातल्या १०-१५ जणांना. कारण नाव एक असलं तरी वाण वेगवेगळे, कापसाच्या सगळ्या पिशव्यांवर कापूसच लिहिलेलं असते पण शेतात काय निघते ते आपल्याला माहीत आहे. काही वाणांत ३० च्या आसपास जीन्सचा (गुण ठरवणाऱ्या सूचनांचा) एक अख्खा तुकडा जास्तीचा असतो, त्याला कॅग म्हणतात, त्यातून जंतूला इंजेक्शनच्या सुईसारखं यंत्र मिळतं अन् त्या सुईनं तो कॅग-ए नावाचं प्रोटीन थेट पोटाच्या अस्तराच्या पेशीत टोचतो. तिथून सूज वाढते, अल्सरचा अन् कॅन्सरचा धोका वाढतो. दुसरा जीन वॅक-ए, तो सगळ्याच वाणांत असतो पण त्याचे पण प्रकार, एस-१ एम-१ वाला जहाल अन् एस-२ वाला अगदी मवाळ.

आता इथं लोक फसतात. नेटवर हे वाचून "डॉक्टर, कॅग-ए ची टेस्ट करू का" म्हणून मागं लागू नका. आपल्या भारतातल्या बहुतेक वाणांत कॅग-ए असतोच, ज्याला अल्सर आहे त्याच्यात पण अन् ज्याला नाही त्याच्यात पण, म्हणजे त्या टेस्टनं आपल्याला नवीन काही कळत नाही. अल्सर अन् जंतू दोन्ही निघाले तर कोर्स घ्यायचाच, वाण कोणताही असो.

टेस्ट करताना काय बघायचं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल अशा अॅसिड कमी करायच्या गोळ्या चालू असतील तर जंतू दबून बसतो अन् रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो, म्हणून त्या २ आठवडे आधी अन् अँटिबायोटिक ४ आठवडे आधी बंद पाहिजे (बंद करायच्या आधी डॉक्टरला विचारा, अल्सरमधून रक्त गेलेलं असलं तर आपल्या मनानं करू नका). आमच्याकडून टेस्टच्या निवडीतच चूक झाली होती, पहिल्या वेळी एका लॅबवाल्यानं नुसती रक्ताची टेस्ट केली. रक्तात जुन्या इन्फेक्शनची खूण पण दिसते, जंतू मेल्यावर पण कितीतरी महिने पॉझिटिव्ह येते. श्वासाची किंवा संडासाची अँटिजेन टेस्ट (जंतूचे अंश शोधणारी) मागा.

कोर्स बहुतेक वेळा १४ दिवसांचा, अॅसिड कमी करायची गोळी अन् दोन-तीन अँटिबायोटिक. सहाव्या दिवशी पोटातली आग थांबते अन् माणूस म्हणते झालं बरं, अन् गोळ्या सोडते. तिथंच घोळ होते. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बीटी कापूस कसा पोखरला ते आठवा, अळी बीटीला दाद देईना, तोच प्रकार इथं, जंतूच्या एका जीनमध्ये अक्षर बदललं की क्लॅरिथ्रोमायसिन हे कोर्समधलं अँटिबायोटिक त्याला लागूच होत नाही. अन् मेट्रोनिडाझोल हे दुसरं अँटिबायोटिक तर आपण हगवण लागली की मेडिकलातून आणून दोन गोळ्या खाऊन बाकीच्या फळीवर ठेवतो, म्हणून आपल्याकडं ते पुष्कळ ठिकाणी चालत नाही. त्याच्यासोबत दारू तर अजिबात नाही, उलट्या होतात. तोंडात लोखंडाची चव येते, ती येऊ द्या. कोर्समध्ये बिस्मथ नावाचं औषध असलं तर संडास काळी होते, घाबरू नका, पण डांबरासारखी चिकट अन् घाण वासाची झाली, चक्कर आली किंवा उलटीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वेचणीत कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक खायची सवय असेल तर ती पण डॉक्टरला सांगा, ती गोळी एकटीच अल्सर करू शकते, किड्याची गरज नाही.

कोर्स संपल्यावर ४ आठवड्यांनी परत टेस्ट, अॅसिडच्या गोळ्यांचा तोच २ आठवड्यांचा नियम धरून. ही टेस्ट लोक करतच नाहीत. परत पॉझिटिव्ह आलं तर तोच कोर्स पुन्हा घ्यायचा नसतो, औषधं बदलावी लागतात, अन् जीनची टेस्ट खरी कामाची असेल तर ती इथं, कोणतं औषध लागू होणार नाही ते त्यातून कळतं. डॉक्टर विचारते आधी काय दिलं होतं अन् आपण सांगतो "एक पिवळी अन् एक लांबुडकी गोळी होती". म्हणून बाबांच्या सगळ्या रिकाम्या पट्ट्या मी बियाण्याच्या पावत्यांच्या डब्यातच ठेवल्या आहेत, बोगस बियाणं निघालं तर पिशवी अन् पावती लागते ना, तसंच.