संशोधकांच्या बसायच्या जागा आखायला शिकताना

मेंदूविज्ञान आणि वास्तुकला या दोन्हींत रस असलेले नवे लोक बहुधा रंगांबद्दल, गोलाकार भिंतींबद्दल आणि छताच्या उंचीबद्दल वाचून येतात. ते तूर्त बाजूला ठेवा. उंच छताखाली कल्पना जास्त सुचतात या म्हणण्याला आधार तोकडा आहे. क्लायंटच्या गळ्यात ते मारू नका. त्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडचा मीटर, उजेड मोजणारा लक्समीटर आणि टेप घेऊन लोक सध्या बसतात त्या जागेत आठवडाभर मोजमाप करा.

सुरुवात हवेपासून. 6 × 5 मीटरची, 3 मीटर उंच खोली, आत आठ जण, दार बंद, स्प्लिट एसी चालू. हा एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची आणत नाही. भल्याभल्यांना हे ठाऊक नसतं. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आठ जणांचे 144 लिटर, खोली 90 घनमीटर. कुठे फटच नसेल, तर तासाभरात कार्बन डायऑक्साइडचा आकडा 420 पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांतले भाग) 2000च्या घरात जातो. माणशी सेकंदाला 10 लिटर, म्हणजे एकूण तासाला 288 घनमीटर ताजी हवा दिली की तो 920च्या आसपास स्थिरावतो. कॅलिफोर्नियातल्या 2012च्या एका चाचणीत 1000 आणि 2500 पीपीएमला निर्णयक्षमता घटलेली दिसली, नंतरच्या चाचण्यांत मात्र निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. तेव्हा हा आकडा हवा बदलत नसल्याची खूण म्हणून वापरा, मेंदू मंदावल्याचा पुरावा म्हणून नको. ताज्या हवेचा पंखा डोक्यावर बसवलात तर आवाजाला कंटाळून लोक तो बंदच करतील. तो बाहेर पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये घ्या, आणि आत आलेली हवा बाहेर जायला दाराला जाळी ठेवा.

उजेडात नवखे हमखास चुकतात, कारण ते मीटर टेबलावर आडवा ठेवतात. शरीराचं घड्याळ चालवणाऱ्या डोळ्यातल्या पेशी सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि डोळ्यावर प्रकाश समोरून पडतो. म्हणून मीटर जमिनीपासून 1.2 मीटरवर, नजरेच्या दिशेने उभा धरा. दिवसा तिथे किमान 250 मेलानोपिक लक्स, म्हणजे याच पेशींच्या प्रतिसादाच्या हिशेबाने मोजलेला उजेड, हवेत. 4000 केल्व्हिनच्या एलईडीखाली ते साध्या मीटरवर 400च्या आसपास भरतात. खिडकी स्क्रीनच्या बाजूला येऊ द्या, समोर किंवा पाठीमागे नको. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी पडदा खाली येतो आणि मग महिनोन्‌महिने वर जात नाही.

आवाजात डेसिबलपेक्षा शब्द कळतात का हे महत्त्वाचं. शेजारचं कळणारं बोलणं लक्षात ठेवण्याच्या कामात अडथळा आणतं. एकसुरी घरघर तितका आणत नाही. हवेसाठी घेतलेल्या त्याच खोलीत टाइल्स आणि प्लास्टर असेल आणि शोषणांक (पृष्ठभाग आवाजाचा किती हिस्सा शोषतो तो आकडा) सरासरी 0.05 धरला, तर आवाज किती वेळ घुमतो हे काढायच्या सेबाइनच्या सूत्राने रिकाम्या खोलीत घुमण्याचा काळ 2.3 सेकंद येतो. 30 चौरस मीटर छताला 0.8 शोषणांकाच्या टाइल्स लावल्या की तो अर्ध्या सेकंदावर येतो. पण खरी गडबड पार्टिशनमध्ये असते. काचेची भिंत फॉल्स सीलिंगपाशीच थांबवली, तर मीटिंगमधला शब्द न्‌ शब्द वरून पलीकडे जातो. ती स्लॅबपर्यंत न्यायलाच हवी, आणि ठेकेदार नेमका तेवढाच वरचा भाग गाळून पैसे वाचवतो.

गाठीभेटींच्या जागांसाठी चार्ल्स कोरिया यांच्या इमारती बघा. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहेच. शिवाय अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं मेंदूविज्ञान संकुल (2005), ज्याच्या खालून रेल्वेचा रूळ जातो, आणि लिस्बनचं शांपालिमो हे वैद्यकीय संशोधन केंद्र (2010). लवचिकता शिकायला लुई कान यांचं कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या ला होया भागातलं सॉल्क इन्स्टिट्यूट ही जीवशास्त्राची संशोधन संस्था. तिथे वरखालच्या दोन प्रयोगशाळांच्या मध्ये पाइप-वायरींसाठी अख्खा मजला सोडलाय, त्यामुळे यंत्रं बदलली तरी खाली तोडफोड होत नाही. आणि विचार करायच्या खोल्या प्रयोगशाळांपासून वेगळ्या, समुद्राकडे तोंड करून. वास्तुकलेसाठी मेंदूविज्ञान अकादमी 2003 मध्ये त्याच सॅन डिएगोत सुरू झाली. तिच्या परिषदांतली भाषणं जरूर ऐका.

ताबा दिल्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. पुण्या-मुंबईत एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत, कारण पावसात खिडक्या बंद होतात आणि हवेचं सगळं गणित बदलतं. या मोजणीची फी करारात पहिल्याच दिवशी वेगळी लिहून घ्या. नंतर मागितली की मिळत नाही.