समुद्राचं पाणी आणायला निघण्याआधी

पोरीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि विषय परत तोच, समुद्राच्या पाण्यात काय काय असतं. मागच्या वेळी आम्ही पार माती खाल्ली होती, म्हणून यंदा आधीच सगळं लिहून ठेवतोय, कोणाच्या घरी हेच चालू असेल तर त्यांनाही कामाला येईल.

सगळ्यात आधी पाणी कधीचं ते ठरवा. गेल्या वेळी प्रदर्शन ऑगस्टमध्ये होतं, ऐन पावसात ओहोटीच्या वेळी वाशीच्या खाडीतून बाटली भरून आणली, लिटरभर आटवलं तर जेमतेम आठ-नऊ ग्रॅम मीठ आणि बाकी राखाडी गाळ, आणि पुस्तकात तर लिहिलेलं की किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. पोरीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण चूक पुस्तकाची नव्हती, पावसाळ्यात खाडीत एवढं गोडं पाणी उतरतं की तो समुद्र राहतच नाही. त्यामुळे आता थंडीतला, अमावस्या नाहीतर पौर्णिमेजवळचा रविवार धरायचा, उधाणाची भरती आपल्याकडे दुपारी बारा-एकच्या सुमाराला असते, ती भरत आली की जेट्टीवरूनच दोरीला बादली बांधून पाणी काढायचं, चिखलात कोणी उतरायचं नाही. जमलं तर दुसरी बाटली उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावरून, आता नेरूळवरून लोकल थेट उरणला जाते. बाटल्यांवर जागा, तारीख, वेळ तिथेच मार्करने लिहा, घरी आल्यावर कुठली कुठली यावरून भांडणं होतात, अनुभव आहे.

किचनमधला वजनकाटा लागेल, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. एकच बाटली आधी नळाच्या पाण्याने खुणेपर्यंत भरून वजन करा, मग तीच समुद्राच्या पाण्याने, लिटरमागे वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक दिसतो आणि घनतेवर वेगळं भाषण द्यावं लागत नाही. अंडं तरंगवून दाखवायचा प्लॅन असेल तर सोडून द्या. ताजं अंडं समुद्राच्या पाण्यात सरळ तळाला जातं, त्याला तरंगायला ह्याच्या तिप्पट-चौपट खारट पाणी लागतं, मृत समुद्रात तरंगेल, वाशीत नाही.

आरओवाला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणतो तो चालेल, पण थेट बुडवू नका, त्यातले बरेचसे ९९९० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) पुढे मोजतच नाहीत आणि समुद्राचा आकडा ३५००० च्या घरात. गॅरेजमधून बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणा, त्याच्या नऊ वाट्यांत एक वाटी समुद्राचं पाणी घाला आणि आकडा दहाने गुणा, अंदाजे बरोबर येतो.

आटवायला स्टील किंवा काचेचं भांडं, अॅल्युमिनियमची कढई अजिबात नको, आमच्या कढईला बारीक बारीक खड्डे पडले आणि ती कोणाची होती हे मी सांगायला नको. पाणी रात्रभर स्थिर ठेवून वरचं तेवढं काढा, मग आधी मलमलीतून आणि नंतर फिल्टर पेपरमधून गाळा. गॅसवर निम्म्याहून जास्त आटवलं की पसरट ताटात काढून गच्चीवर उन्हात ठेवा, कारण खरी गंमत तिथे दिसते. सुरुवातीला काठाला पांढुरका पापुद्रा धरतो, तो चुनखडी आणि जिप्सम, दोन्ही कॅल्शियमचे क्षार. मूळ पाण्याचा दहावा हिस्सा उरला की मीठ धरायला लागतं, भिंगातून बघा, चौकोनी खडे असतात. शेवटी तळाला तेलकट वाटणारं थोडंसं पाणी उरतं, ते मॅग्नेशियमच्या क्षारांचं, कडू. चाखायचं मात्र काहीच नाही, खाडीत कुठकुठलं सांडपाणी येतं ते आपण रोज ट्रेनच्या खिडकीतून बघतोच.

तक्त्यावर टक्के लिहिण्यापेक्षा ३५ ग्रॅमची वाटणी लिहा, पोरांना तोंडपाठ होते: क्लोराइड १९ च्या वर, सोडियम पावणेअकरा, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम ०.४-०.४, बाकीचं चिमूटभर. आणि खाली विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाचं नाव टाकाच. चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७२ ते १८७६ मध्ये जगभरातून आणलेले पाण्याचे ७७ नमुने त्याने तपासले आणि १८८४ मध्ये छापलं, खारटपणा कमी-जास्त झाला तरी मुख्य घटकांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहतं. परीक्षक बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा कमी खारट का विचारतील, तर गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी आणि भरपूर पाऊस, एवढं पुरे.

फ्रीझरमध्ये एक छोटी बाटली पाऊण भरूनच ठेवा, अर्धवट गोठली की बर्फ काढून धुवा, वितळवून मीटर लावा, आकडा बराच खाली येतो कारण गोठताना मीठ बाहेर ढकललं जातं. गोठायला वेळ लागतो, शून्याला नाही, उणे १.९ ला गोठतं.

तयार मीठ हवाबंद डबीत न्या. थोडं उघड्या बशीत पण ठेवा, नवी मुंबईच्या हवेत दुपारपर्यंत ते ओलसर होईल, पोरं घाबरतील की प्रयोग बिघडला, तेव्हा त्यांना सांगा की हवेतलं पाणी ओढतंय ते मॅग्नेशियम क्लोराइड, परीक्षक आले की आधी तीच बशी पुढे करायची.